दीनदयाळ, आयुष्मान किंवा ईएसआयवर युरॉलॉजिस्ट कसा गाठायचा: गोव्यातल्या लोकांसाठी पायरीपायरीने

"कार्ड घेणारा युरॉलॉजिस्ट कोण आहे रे?" हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखा पडतो, खाली चार-पाच नावं येतात, आणि प्रत्यक्ष गेल्यावर त्यातली निम्मी फुकट जातात. सांगणारे खोटं सांगत नाहीत, विचारणाराच चुकीचं विचारतो. कार्ड डॉक्टर घेत नाही, हॉस्पिटल घेतं. आणि हॉस्पिटलसुद्धा सरसकट घेत नाही, ज्या विभागांसाठी त्याला योजनेत घेतलंय तेवढ्याच विभागांसाठी घेतं, त्यातही यादीत असलेल्या प्रोसिजरसाठी. आपल्याकडचे बरेच युरॉलॉजिस्ट दोन-तीन हॉस्पिटलात फिरतात, त्यामुळे एकाच डॉक्टरकडून एकाच आठवड्यात म्हापशात कॅशलेस होणारं ऑपरेशन पर्वरीत पूर्ण पैसे भरून करावं लागतं, आणि दोन्ही नियमाप्रमाणेच असतं.

म्हणजे शोधायचं काय, तर हॉस्पिटल, विभाग, प्रोसिजर आणि तुमचं कार्ड या चारही गोष्टी एकत्र जुळतात अशी जागा. खाली क्रमाने लिहिलंय आणि क्रम मोडू नका, निम्मे घोटाळे सरळ पाचव्या पायरीवरून सुरुवात केल्यामुळेच होतात.

१. आधी बघा, थांबण्यासारखं आहे का

या गोष्टी असतील तर यादी, कार्ड, फोन काही नको, सरळ १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून कॅज्युअल्टी गाठा:

- लघवी पूर्ण तुंबलीय, पोट खाली फुगलंय, थेंब येत नाही
- मुतखडा आहे हे माहीत आहे आणि वर थंडी वाजून ताप आलाय
- लघवीतून रक्ताच्या गाठी पडतायत
- मुलाच्या किंवा तरुण माणसाच्या अंडकोषात अचानक जोराची कळ आलीय

शेवटच्या गोष्टीत लाजून रात्र काढतात लोक. अंडकोषाला पीळ पडला असेल तर पहिल्या सहा तासांत सोडवला तर वाचण्याची शक्यता चांगली, नंतर ती झपाट्याने कमी होते. बांबोळीला गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅज्युअल्टी चोवीस तास आहे, म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं हॉस्पिसियो ही जिल्हा हॉस्पिटलं आहेत, तुंबलेल्या लघवीला नळी घालायला युरॉलॉजिस्टच पाहिजे असं नाही. कागद नंतर घरचं कोणी आणून देईल.

२. तुमचं कार्ड नक्की कुठलं आणि ते जिवंत आहे का

"सरकारी इन्शुरन्स" म्हणजे गोव्यात किमान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. राज्य सरकारची, २०१६ पासूनची, गोव्यात निदान पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबांसाठी. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. हे पैसे सगळ्या कुटुंबात मिळून आहेत, माणशी नाहीत. बाबांची अँजिओप्लास्टी याच वर्षी कार्डावर झाली असेल तर काकांच्या प्रोस्टेटला किती उरलेत ते आधी बघावं लागतं. सरकारी नोकरांसाठी ही योजना नाही.

आयुष्मान भारत. केंद्राची, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वय वंदना कार्ड मिळतं. प्रोस्टेटचे बहुतेक पेशंट याच वयातले, तरी अजून कितीतरी घरांत आजोबांचं हे कार्ड काढलेलंच नाही, आधार घेऊन आयुष्मान ॲपवर घरबसल्या होतं. हे कार्ड गोव्याबाहेरच्या आयुष्मान हॉस्पिटलातही चालतं, मुलगा पुण्यात असेल तर ही मोठी सोय.

ईएसआय, म्हणजे कामगार विमा योजना. वेर्णा, कुंडई, पिळर्ण असल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नोकरी आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक तुम्ही यात आहात. इथे हॉस्पिटल स्वतः निवडायचंच नाही. आधी तुमची डिस्पेन्सरी, तिथून मडगावचं ईएसआय हॉस्पिटल, आणि तिथे सोय नसेल तर ते टाय-अप असलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलचं रेफरल देतात. थेट प्रायव्हेटला जाऊन मग बिल घेऊन डिस्पेन्सरीत उभं राहणं ही यातली नेहमीची चूक.

सीजीएचएस आणि ईसीएचएस. केंद्राचे कर्मचारी, पेन्शनर आणि माजी सैनिक. इथेही साधारण वेलनेस सेंटर किंवा पॉलिक्लिनिकमधून रेफरल, मग एम्पॅनल्ड, म्हणजे त्यांच्या यादीतलं हॉस्पिटल. ७० च्या वरच्यांना वय वंदना घ्यायचं असेल तर आपली जुनी योजना आणि ही यातलं एक निवडावं लागतं, घाईत क्लिक करू नका.

चेक: दीनदयाळ कार्डाची मुदत बघा, ते दर वर्षी रिन्यू करावं लागतं. चतुर्थीनंतर करू, शिगमो झाल्यावर करू असं म्हणत राहिलेलं कार्ड ॲडमिशनच्या सकाळी बंद निघतं. मग कार्डावर पेशंटचं स्वतःचं नाव आहे का ते बघा, लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि नवीन बाळाचं नाव घालायचं हमखास राहून जातं.

सावधान: नावाचं स्पेलिंग. आपल्याकडे नाईक, गावकर, शेट, कामत यांची स्पेलिंगं जुन्या पोर्तुगीज वळणाच्या कागदांवर एक आणि आधारवर दुसरी असतात. कार्ड आणि आधार जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, अप्रूव्हल याच गोष्टीवर अडकतं.

३. कागद आणि रिपोर्टची फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. कार्ड आणि आधार (ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स), मोबाईल आधारला जोडलेला (ओटीपी येतो, म्हणून मुलाचा नंबर जोडला असेल तर मुलगा सोबत पाहिजे), गोव्याचं वोटर कार्ड. २०१८ पासून सरकारी हॉस्पिटलात गोव्याबाहेरच्यांना फी लागते म्हणून रहिवासाचा पुरावा खिशात असलेला बरा.

रिपोर्टांपैकी युरॉलॉजिस्ट जवळजवळ नेहमी मागतात ते असे: लघवीची रूटीन आणि कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघणारी तपासणी), क्रिएटिनिन (किडनी कशी चालते त्याची रक्ताची तपासणी), शुगर, आणि पोटाची सोनोग्राफी. पन्नाशीपुढच्या पुरुषांना पीएसए, ही प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी. यात तीन बारीक गोष्टी आहेत ज्या लॅबवाला सांगत नाही.

एक, कल्चरचं सॅम्पल अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या. गोळ्या सुरू करून दिलेलं कल्चर कोरं येतं, सगळे खूश होतात, आणि जंतू मात्र आतच. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात हे धरून चला.

दोन, सोनोग्राफीला सांगा की लघवी करून झाल्यावर किती उरते तेही लिहा, त्याला पीव्हीआर म्हणतात. प्रोस्टेटच्या पेशंटला हा आकडा नसेल तर परत सोनोग्राफी करायला लावतात. आणि तिथे जाताना पाणी पिऊन, लघवी धरून जायचं असतं, वाळपईहून बसने येणाऱ्या माणसाला हे दारात कळलं की काय हाल होतात ते विचारू नका.

तीन, लघवीला इन्फेक्शन असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना पीएसए करू नका. तो असाच वाढलेला येतो आणि घरात उगाच कॅन्सरच्या गोष्टी सुरू होतात. थोडं थांबून कधी करायचा ते डॉक्टरला विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टचा डॉक्टर आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवायचं असतं.

४. प्रोसिजरचं नाव मिळवा

ही पायरी सगळे गाळतात. "मुतखडा झालाय, कार्डावर होईल का" याला कोणी खरं उत्तर देऊच शकत नाही, कारण योजनेच्या यादीत आजार नसतो, प्रोसिजर असते. दीनदयाळच्या यादीत ४४७ प्रोसिजर आहेत, आयुष्मानचे पॅकेज वेगळे. मुतखडा एकच, पण तो किती मिलिमीटरचा आणि कुठे अडकलाय यावर दुर्बीण मूत्रनळीतून घालायची की पाठीतून छेद घ्यायचा की नुसती औषधं देऊन वाट बघायची ते ठरतं. पाच मिलिमीटरच्या आतले बरेच खडे आपोआप पडतात. मूत्रनळीतला खडा दुर्बिणीने फोडतात ते युआरएस, किडनीतला दोन सेंटीमीटरच्या वरचा असेल तर बहुधा पाठीतून, म्हणजे पीसीएनएल. मधल्या आकाराला आरआयआरएस सुचवतात, लवचिक दुर्बीण आणि लेझर. प्रोस्टेटला टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेट आतून तासणं, किंवा लेझर. लेझर आलं की "हे यादीत आहे का आणि वरचे पैसे लागतात का" हा प्रश्न विचारायचाच.

नाव मिळवण्यासाठी एक साधी ओपीडी भेट लागते. दोन रस्ते आहेत:

गोमेकॉची युरॉलॉजी ओपीडी. जवळच्या पीएचसी किंवा सीएचसीतून, म्हणजे साखळी, पेडणे, वाळपई जिथे असाल तिथून, रेफरल चिठ्ठी घेऊन जा. ओपीडीचे वार आणि केस पेपरची वेळ फोनवर विचारून मग निघा आणि सकाळी लवकर पोचा. लाइन असते, नाही म्हणत नाही. पण इथेच ऑपरेशनही होतं आणि माझ्या मते ज्याला घाई नाही अशा माणसाने आधी इथेच दाखवावं. आमदाराची चिठ्ठी आणली म्हणून खडा लवकर निघत नाही, त्यापेक्षा पीएचसीची चिठ्ठी जास्त कामाची.

प्रायव्हेट क्लिनिक. ओपीडीची फी स्वतः भरायची. दीनदयाळ आणि आयुष्मान या योजना ॲडमिट होऊन करायच्या इलाजाच्या आहेत, साध्या तपासणीच्या नाहीत, त्यामुळे "कार्ड आहे तरी फी घेतली" म्हणून रिसेप्शनवर भांडू नका. भांडायची जागा पुढे येते.

दोन्हीकडे निघताना डॉक्टरला एवढंच म्हणा: "डॉक्टर, प्रोसिजरचं पूर्ण नाव आणि कुठल्या बाजूचं ते कागदावर लिहून द्या, मला योजनेत विचारायचंय." कोणी नाही म्हणत नाही.

सावधान: युरॉलॉजिस्ट आणि नेफ्रॉलॉजिस्ट वेगळे. क्रिएटिनिन वाढलंय, डायलिसिसची भाषा चाललीय, पायाला सूज, तर नेफ्रॉलॉजिस्ट. खडा, प्रोस्टेट, लघवीची नळी अरुंद होणं, गाठ, म्हणजे जिथे दुर्बीण किंवा चाकू लागतो, तिथे युरॉलॉजिस्ट. चुकीच्या दारात उभं राहून दिवस जातो.

५. हॉस्पिटलांची यादी काढा आणि फोन करा

आयुष्मानसाठी पीएमजेएवायच्या (आयुष्मानचंच सरकारी नाव) साइटवर हॉस्पिटल शोधायची सोय आहे, राज्य, जिल्हा आणि स्पेशालिटी निवडायची. स्पेशालिटी निवडल्याशिवाय आलेली यादी काही कामाची नाही. फोनवर १४५५५ आहे. दीनदयाळसाठी पणजीला कांपालच्या आरोग्य संचालनालयात किंवा कुठल्याही नेटवर्क हॉस्पिटलच्या दीनदयाळ काउंटरवर विचारा. गोमेकॉच्या काउंटरवरही सांगतात.

यादी मिळाली म्हणजे काम झालं नाही. आता फोन. इथे लोक कसं फसतात बघा, हे संवाद मी शेजारच्या काकांच्या बाबतीत कानाने ऐकलेत, हॉस्पिटलचं नाव नको.

"मॅडम, तुमच्याकडे दीनदयाळ चालतं?"
"हो, चालतं."
"थँक्यू मॅडम."

झालं. काका बॅग भरून गेले आणि काउंटरवर कळलं की चालतं ते हाडांसाठी. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या.

असा फोन करा: "नमस्कार, मला दीनदयाळ डेस्कला जोडून द्या." रिसेप्शनला विचारूच नका. डेस्कवरच्या माणसाला कागद हातात धरून विचारा:

- युरॉलॉजी विभाग या योजनेत आहे का?
- डाव्या बाजूचं युआरएस (किंवा जे लिहून दिलंय ते) तुम्ही या कार्डावर सध्या करता का?
- कुठले डॉक्टर करतात, आणि ते तुमच्याकडे कुठल्या वारी असतात?
- गोमेकॉचं रेफरल किंवा एनओसी लागतं का?
- पॅकेजच्या बाहेर काय येतं? लेझर, स्टेंट (आत ठेवतात ती बारीक नळी), एक्स्ट्रा दिवस?
- स्टेंट घातला तर काढायचं त्याच पॅकेजमध्ये की वेगळं?

"सध्या" हा शब्द गाळू नका. यादीत नाव असलेलं हॉस्पिटलसुद्धा मशीन बंद आहे, डॉक्टर सोडून गेले किंवा क्लेमचे पैसे अडकलेत म्हणून एखादी प्रोसिजर थांबवून ठेवतं. एनओसीचा प्रश्न प्रोसिजरचं नाव घेऊन विचारला तरच सरळ उत्तर मिळतं, म्हणून तर चौथी पायरी.

बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख कागदाच्या मागे लिहा. उद्या काउंटरवर "असं कोण बोललं?" विचारलं की नाव सांगता येतं आणि आवाज लगेच खाली येतो.

सिंधुदुर्गातून येणाऱ्यांसाठी एक ओळ: बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मंडळी बांबोळीला येतात, पण दीनदयाळ गोव्यातल्या रहिवाशांसाठी आहे. तुमचं आयुष्मान किंवा महाराष्ट्राचं महात्मा फुले योजनेचं काय चालतं ते निघायच्या आधी फोन करून विचारा, कॅज्युअल्टीतला पेशंट सोडून.

६. डॉक्टर बघून घ्या

हॉस्पिटल जुळलं, आता डॉक्टर. पाटीवर एम.सीएच. युरॉलॉजी किंवा डीएनबी युरॉलॉजी (डीआरएनबी पण लिहितात) असायला हवं. नुसतं एम.एस. म्हणजे जनरल सर्जन. जनरल सर्जन वाईट असं नाही, लहान गावात बरीच कामं तेच करतात, पण प्रोस्टेटला आणि किडनीतल्या मोठ्या खड्याला मी तरी युरॉलॉजिस्टच बघेन. "ऑपरेशन कोण करणार, तुम्हीच ना?" हे डॉक्टरला तोंडावर विचारायला हरकत नाही.

सावधान: क्लिनिकमध्ये बघणारे डॉक्टर "कार्डावर नको, पाच दिवसांनी माझ्या दुसऱ्या हॉस्पिटलात करू, सोपं पडेल" असं म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. एकदा घरी या, पाचव्या पायरीवरचे फोन करा. कधी खरंच कारण असतं, मशीन तिथेच असतं. कधी नसतं.

७. अप्रूव्हल आणि ॲडमिशन

क्रम असा: डेस्कवर कार्डाची आणि पेशंटची ओळख पटवणं, डॉक्टरची चिठ्ठी आणि रिपोर्ट अपलोड, योजनेकडून प्रीऑथ म्हणजे आगाऊ मंजुरी, मग ॲडमिशन, मग ऑपरेशन. अर्जंट केस सोडली तर मंजुरीआधी ॲडमिट होऊ नका. "आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देतो" यात अडकलेले पैसे परत मिळवताना फार फेऱ्या होतात.

मंजुरी अडते ती बहुतेक दोन कारणांनी: सोनोग्राफीत खड्याचा आकार किंवा बाजू लिहिलेली नसते, आणि चिठ्ठीवर डावा पण रिपोर्टवर उजवा असतो. अपलोड व्हायच्या आधी स्वतः वाचा. इंग्लिश येत नसेल तर घरच्या कॉलेजवाल्या पोराला वाचायला लावा, लेफ्ट आणि राइट एवढंच बघायचंय.

चेक, तारीख घ्यायच्या आधी: कल्चर क्लिअर आहे का? जंतू असताना दुर्बीण घातली तर इन्फेक्शन रक्तात जाऊ शकतं, म्हणून आधी अँटिबायोटिकचा कोर्स देतात आणि तारीख पुढे जाते. मंजुरी येऊन तारीख पुढे गेली तर डेस्कला लगेच सांगा, मंजुरीला मुदत असते. वयस्कर माणसाला ईसीजी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचं फिटनेस आधीच करून ठेवा, सकाळी उपाशी ठेवून संध्याकाळी परत पाठवलेले आजोबा मी बघितलेत.

आयुष्मानच्या पॅकेजमध्ये ॲडमिट होण्याआधीच्या ३ दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला असतो, औषधांसह. तरी बाहेरच्या फार्मसीची चिठ्ठी हातात दिली तर आधी डेस्कवर जाऊन विचारा, भांडायची जागा म्हणालो ती हीच. पैसे भरायचीच वेळ आली तर पावती घ्या, पावतीवर पेशंटचं नाव पाहिजे. पावतीशिवाय पुढे काहीच होत नाही, पावती असेल तर आयुष्मानची तक्रार १४५५५ वर आणि दीनदयाळची कांपालला करता येते. तोंडी तक्रार करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

८. डिस्चार्जच्या दिवशी

खडा काढल्यावर बरेचदा आत डीजे स्टेंट ठेवतात, किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे पेशंट विसरतो, घरचे विसरतात, आणि महिन्यांनी तिच्यावरच खडे जमून ती काढायला नवीन ऑपरेशन लागतं. स्टेंट असताना लघवीला सारखं जावंसं वाटणं, थोडं लालसर येणं, बाजूत दुखणं चालतं. ताप आला तर चालत नाही, त्याच दिवशी दाखवा.

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन तिथेच उभ्या उभ्या बघा: स्टेंट ठेवलाय का, कुठल्या बाजूला, काढायची तारीख काय, आणि काढणं कार्डावर की पैसे भरून. तारीख लिहिलेली नसेल तर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. घरी आल्यावर ती तारीख मुलाच्या मोबाईलवर अलार्मला लावा, कालनिर्णयवर पण लिहा, आणि कार्डाची मुदत त्या तारखेच्या आधी संपत असेल तर रिन्यूअलला त्याच आठवड्यात जा.